मोरखाजणचा होकार

“वाईच थांब. देवाक आधी श्वास घेवंदे.”

हा आवाज गुणाजीच्या कानात इतकी वर्षं वस्तीला होता, की तो कधीकाळी बाहेरून आत आला असेल असं त्याला वाटतच नसे. मोरखाजणच्या देवळापुढे सगळा गाव उभा, आणि सगळ्यांच्या पुढे त्याचा बापूस सीताराम, अनवाणी, हात जोडून गाऱ्हाणं घालणारा. गाऱ्हाणं म्हणजे गावाचं मागणं. एकानं ते तुकड्यातुकड्यानं देवाच्या कानी घालायचं, आणि प्रत्येक तुकडा संपला की मागच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. लहानपणी गुणाजीला फार घाई. बापाचं वाक्य जमिनीला टेकायच्या आत याचा ‘व्हय म्हाराजा’ पाखरासारखा उडालेला. मग मागे न बघताच बापाचा हात त्याच्या मानेवर यायचा, चिखलाचा, भाताच्या तुसाचा वास असलेला, आणि पाठोपाठ तो आवाज. मागणं आणि होकार यांच्या मधोमध जी जागा असते ती देवाची, तिथे आपण पाय ठेवायचा नाही, एवढंच त्या आवाजाचं म्हणणं असे.

त्याच रिकाम्या जागेवर गुणाजी आता पोट भरत होता. साकीनाक्याच्या एका गल्लीत खाली पत्र्याचे डबे दाबणारा कारखाना, वर फोमनं मढवलेली खोली, आणि त्या खोलीत बसून तो पुस्तकं वाचायचा. लोक भाजी चिरताना, गाडी हाकताना, कुणी नुसतीच झोप येत नाही म्हणून, त्याचा आवाज कानात घालून घ्यायचे. ‘काय थांबतोस रे तू वाक्याच्या शेवटी,’ असं त्याला सगळे म्हणत, आणि तो हसून सोडून देई. खालचा प्रेस धाडधाड करू लागला की चहा, प्रेस थांबला की रेकॉर्डिंग. एसीचाही आवाज येतो म्हणून तो बंद. घाम मानेवरून उतरत असायचा आणि आवाज मात्र गारव्यात बसल्यासारखा निघायला हवा. काचेपलीकडे अक्षता. घाटकोपरची, हाताला चपळ आणि तोंडाला फटकळ. चूक झाली की लाल बटण दाबून म्हणायची, “दादा, परत.”

त्या दिवशी चूक झाली नव्हती. तो वाचत होता आणि वाचता वाचता मध्येच थांबला, नळाचं पाणी जावं तसा.

पुस्तक श्यामकांत सरांचं होतं. खाडीकाठचे शेतकरी पर्यावरणाची निगा राखण्यात कसे आणि किती भाग घेतात, यावर त्यांनी आयुष्यभर केलेलं संशोधन. त्याची नवी आवृत्ती निघत होती आणि सोबत ऐकायचं पुस्तकही. गुणाजीनं लेखकाचं नाव बघितलं तेव्हाच त्याला माहीत होतं हा माणूस कोण ते. तरी त्यानं काम लगेच घेतलं. मांजर हाती आलेला उंदीर तत्काळ खात नाही, थोडा वेळ पंजाखाली धरून त्याची धडधड ऐकतं. तसंच काहीसं त्याच्या मनात असावं. पुढचं प्रकरण आधी वाचून ठेवायची त्याला सवय नव्हती, आवाज शिळा होतो म्हणे. म्हणून पान उलटलं आणि समोर आलं ते त्यानं आपल्याच आवाजात, आपल्याच कानांनी ऐकलं: “धोंडिराम, नाव बदललेले, हे गावाचे ज्येष्ठ शेतकरी. बांधाचा उत्तरेकडचा भाग दुरुस्त न करता खाडीच्या पाण्याला वाट द्यावी, या प्रस्तावाला त्यांनी देवासमोर संपूर्ण गावाच्या वतीने होकार दिला, आणि उपस्थित शेतकऱ्यांनी एकमुखाने…”

“दादा?” अक्षताचा आवाज हेडफोनमध्ये आला. “काय झालं, पाणी घे. परत जाऊया ‘देवासमोर’पासून.”

तो पाणी प्यायला. पाणी खारट लागलं. साकीनाक्यात बाटलीबंद पाणी खारट लागायचं कारण नाही, पण जीभ कुणाचं ऐकते. परत त्यानं वाचलं. ‘एकमुखाने’ म्हणताना त्याला ती सगळी मुखं दिसत होती.

मोरखाजण म्हणजे खाडीच्या पातळीपेक्षा खाली बसलेली भातशेतं. मध्ये मातीचा बांध, त्या बांधाच्या अलीकडे भात आणि पलीकडे खारं पाणी, अशी शेजारणींसारखी दोन्ही. दर उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, सगळा गाव बांधावर. घरटी एक माणूस, चिखलाचे गोळे, पेंढा, आणि ते हातोहात पुढे देताना बायकांचं गाणं:

खाडये बाये, भायर बस,
नको आमच्या भाताक तुझो रस;
तुझे मासे तुका, आमचो भात आमका,
वर्साक एकदा हळदीकुकू तुका.

खाडीला असं गोड बोलून बाहेर बसवायचं, रागवायचं नाही. त्या कामाच्या आरंभाला गाऱ्हाणं. श्यामकांत सर, तेव्हा सरही नव्हते, दाढी नुकती राखलेले, खांद्यावर शबनम, हातात टेपरेकॉर्डर, ते त्या वर्षी सीतारामाच्या वळईवर, म्हणजे पुढच्या पडवीत, मुक्कामाला होते. बांधाचा एक तुकडा सोडून द्या, पाणी आत येऊ द्या, तिथे तिवर, म्हणजे खारफुटी, उगवेल, तिवरीनं काठ धरेल, मासळी वाढेल, पैसे त्यांना पाठवणारी संस्था देईल, असं ते घरोघरी समजावत. लोक म्हणायचे, “बघूया.” कोकणात ‘बघूया’चा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. त्यांना तो कळला नाही, किंवा कळला आणि पुरला नाही. मग गाऱ्हाण्याच्या दिवशी सकाळी त्यांनी सीतारामाला विचारलं, माझ्याही कामाचं दोन शब्दांत देवाला सांगाल का. पाहुण्याला नाही कसं म्हणणार. पाहुणा जे मनात धरून आला असेल ते देव त्याला देवो, हे कुठल्याही गाऱ्हाण्यात येतंच. जावई आला तरी येतं, तलाठी आला तरी येतं. सीतारामानं ते घातलं, बांधाचं नाव घेऊन घातलं, कारण पाहुण्याच्या मनात बांध होता. आणि गाव म्हणाला, व्हय म्हाराजा. देवाला म्हणाला. गाऱ्हाण्यात मागच्यांनी वाक्य तोलायचं नसतं, ते देवानं तोलायचं असतं. गुणाजी तेव्हा मुंबईला मामाकडे शिकत होता, मे महिन्याच्या सुट्टीत आलेला, मागे गर्दीत उभा. त्यानंही म्हटलं होतं. थांबून, श्वास सोडून, बापानं शिकवलं तसं.

टेप फिरत होती. पुढे त्या टेपवरच संस्थेनं पैसे मोकळे केले. बांधाच्या उत्तर टोकाला फलक लागला, लोकांनी हात लावायचा नाही. गाव चक्रावला, पण पाहुण्याच्या हातात गावाचा होकार होता आणि त्यावर शिक्का होता. पहिल्या मोठ्या उधाणाला खाडी आत आली. बाहेर बसवलेली बाई घरात आली आणि चुलीपर्यंत गेली. भात काळं पडलं. पुढच्या वर्षी जमीन पांढरी, मीठ फुललेली, पायाखाली करकरणारी. बांध परत घालू म्हणेपर्यंत तिवरीनं मूळ धरलं, आणि तिवरीला हात लावायला कायद्यानं बंदी. तिवर वाईट नव्हती. बगळे आले, खेकडे आले, मुंबईहून दुर्बिणी घेऊन माणसं आली. गुणाजी ते कबूल करत होता, आणि कबूल करताना त्याच्या दाढा एकमेकांवर घासत होत्या.

गावानं सरांना काही म्हटलं नाही. सर पुस्तक लिहायला निघून गेले होते. गाव सीतारामाकडे वळला. तू देवापुढे आमच्या तोंडात होकार घातलास, म्हणाले. गाऱ्हाण्याचा मान काढून दुसऱ्याकडे दिला. भांडण नाही, मारामारी नाही, पुढच्या वर्षी सीताराम उठून पुढे जायला लागला तेव्हा कुणीतरी हळूच म्हणालं, “बस तू.” दोन शब्द. त्यानंतर तो कुठल्याही देवळात कधी मोठ्यानं बोलला नाही. गुणाजीनं त्याला जोगेश्वरीला आणलं, आईला आणि त्याला. चाळीतल्या शेजाऱ्यांना बापूस मुका वाटे. गणपतीत आरती चालू असायची तेव्हा तो टाळ्या वाजवायचा, ओठ मात्र मिटलेले. ते मिटलेले ओठ बघत गुणाजी म्हातारा होत गेला. लोकांची दुःखं केसांत उतरतात, याचं घशात उतरलं. आवाज खोल होत गेला आणि बाजारात त्याला भाव आला.

सूड त्यानं पुष्कळ घेतले होते, मनातल्या मनात. कधी भर सभेत उभं राहून सरांना प्रश्न विचारायचा, एकच, असा की त्यांच्या हातातला पाण्याचा पेला थरथरेल. कधी त्यांच्या मुलुंडच्या फ्लॅटच्या दारात खाडीचं पाणी सोडायचा, ते कपाटातल्या पुस्तकांपर्यंत चढताना बघायचा, खालच्या ओळीपासून वरच्या ओळीपर्यंत, सावकाश. हे चित्र त्याला फार प्रिय होतं. जाहिरातीच्या रेकॉर्डिंगला उशीर होत असला, मेट्रोच्या जिन्यावर गर्दी असली, की तो ते काढून बसायचा, जसं कुणी तपकिरीची डबी काढतं. सुडाची एक गंमत आहे, तो घेईपर्यंत झिजत नाही. आई त्याच्या पुढची. रुक्मिणी. त्या संध्याकाळी जेवताना त्यानं तिला सांगितलं की हल्ली झाडांवरचं पुस्तक वाचतोय. कुणाचं, तिनं विचारलं. त्यानं नाव सांगितलं. तिनं भाताचा घास परत ताटात ठेवला.

“डोळे मिटून जेवायचो मेलो,” ती म्हणाली. “माझ्या हातची आमटी. तेवाच तेच्यात खाडयेचा पाणी घालूक होया होता.”

मग तिनं तो घास उचलला आणि चावून चावून खाल्ला. बापाबद्दल ती बोलतच नसे. ती न बोलता जे म्हणायची ते गुणाजीला ठाऊक होतं, कारण बापानं निरोप सोपवला त्या दुपारी ती तिथेच होती, जोगेश्वरीच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत, खिडकीत उन्हाचा पट्टा, बापूस खाटेवर, छातीत घरघर. शेवटचे दिवस. बापानं गुणाजीला खाली वाकायला लावलं होतं. तो साहेब मुंबईतच असतो ना, त्याला गाठ, म्हणाला. त्याला सांग, एकदा गावात ये. देवळाफुडे उभो रव. सीतारामान गावाच्या वतीन होकार देवक नाय, इतक्याच म्हण. “माका माफी नको रे,” बापूस म्हणाला होता, “साक्ष होयी.” गुणाजीनं मान हलवली. सांगतंय, म्हणाला. आणि सांगितलं नाही. त्या वर्षी नाही, नंतर नाही. सांगायचं म्हणजे मागायचं. ज्याच्या नरड्याला हात घालायचा, त्याच्या उंबऱ्याशी हात पसरून उभं कसं राहायचं. बापाला साक्ष हवी होती आणि लेकाला तो माणूस हवा होता, अख्खा, पंजाखाली. निरोप घशातच राहिला, आणि गावात दरवर्षी उन्हाळ्यात कुणी ना कुणी अजूनही म्हणायचं, सीतारामाच्या होकारानं खाजण बुडालं.

आता तेच वाक्य गुणाजीच्या आवाजात रेकॉर्ड झालं होतं. हे पुस्तक मोरखाजणला ऐकतील. फोन तिथेही पोचलेत. गाव म्हणेल, लेकानंही कबूल केलं. ही गोष्ट त्याला दुसऱ्या दिवशी अंधेरीहून रिक्षानं स्टुडिओकडे येताना, सिग्नलला, अचानक कळली, आणि रिक्षावाल्याला वाटलं साहेबांना पित्त झालंय.

त्या दिवशी सर स्वतः स्टुडिओत आले. सत्तरी ओलांडलेले, पांढरी दाढी, अंगात खादी, बोलणं लोण्यासारखं. गुणाजीनं मनात जो माणूस इतकी वर्षं बुडवला होता त्यापेक्षा हा लहानखुरा होता. जिना चढून दम लागलेला. त्यांनी गुणाजीचा हात दोन्ही हातांत घेतला. काल पाठवलेला भाग ऐकला, अहो, काय थांबता तुम्ही. अंगावर काटा आला. कोकणातले दिसता? मालवणकडचा, गुणाजी म्हणाला. कुठलं गाव? खाडीकाठचंच एक, गुणाजी म्हणाला. सरांनी पुढे विचारलं नाही. त्यांना सांगायची घाई होती. मोरखाजणचा तो प्रयोग आता पद्धत झाली होती, ‘गाऱ्हाणे पद्धत’ म्हणून लोक ओळखतात. शेतकऱ्यावर कागद लादायचे नाहीत, त्याच्याच परंपरेतून त्याचा होकार ऐकायचा. त्यांची विद्यार्थिनी ऋतिका पुढच्या महिन्यात तिची चमू घेऊन दुसऱ्या एका खाडीवर निघाली होती, अशाच बांधांच्या गावांत. “मी आयुष्यात ऐकलेली सगळ्यांत प्रामाणिक संमती ती,” सर म्हणाले, “आणि बघा ना, मूळ टेपला बुरशी लागली.” म्हणून ते आले होते. पुस्तकात गाऱ्हाणं प्रत्यक्ष ऐकू यायला हवं. गुणाजींनी घालावं, मागे बाकीच्यांनी म्हणावं. मजकूर त्यांच्या पुस्तकात होताच.

“मजकूर नको,” गुणाजी म्हणाला. “गाऱ्हाणं पाठ नसतं. ते तिथल्या तिथे येतं.”

सर खूश झाले. अगदी बरोबर, म्हणाले.

मागे माणसं हवीत. जेवणाची सुट्टी होती, खालचा प्रेस बंद होता, अक्षतानं जिन्यातून हाक मारून कारखान्यातले चौघं वर आणले. हात पुसत, संकोचत आले, काळे पत्र्याचे डाग अंगभर. त्यातल्या एकानं विचारलं, बोलना क्या है मॅडम? “वो दादा कुछ भी बोले,” अक्षता म्हणाली, “तुम लोग को खाली ‘व्हय म्हाराजा’ बोलने का. सोचने का नहीं.” चौघं हसले. सर हसले. गुणाजी ते वाक्य ऐकून हसला नाही, त्यानं माइकची उंची नीट केली. अक्षतानं जाता जाता सरांना सुनावलंच, तुमच्या पुस्तकात सगळे जमीनवालेच दिसतात हां सर, आमचे आजोबा बीडला दुसऱ्याच्या रानात राबले, त्यांना कोण विचारायला आलं नाय सहभाग घेता काय म्हणून. सरांनी मान डोलावली. हो हो, महत्त्वाचा मुद्दा आहे, म्हणाले, आणि घोळक्यात जाऊन उभे राहिले, कारखान्यातल्या माणसांच्या खांद्याला खांदा लावून. हेडफोन घातला. डोळे मिटले.

गुणाजीनंही मिटले. आत अंधार नव्हता, आत देऊळ होतं, दगडी फरशी, तापलेली. बापाच्या तळव्यांना ती कशी भाजत नाही याचं त्याला नवल वाटायचं. तो उभा राहिला आणि ज्या जागी बापाला ‘बस तू’ म्हटलं होतं, त्या जागी त्याचा आवाज उठला.

“देवा रवळनाथा, आई पावणाई, खाडयेच्या राखणदारा…”

“व्हय म्हाराजा.”

“आज हय परमुलखात तुझी लेकरां एका जाग्यार उभी हत…”

“व्हय म्हाराजा.”

“एक पावणो म्हणान इलो. आमच्या वळयेर निजलो, आमच्या पानार जेवलो…”

“व्हय म्हाराजा.”

“आणि माझ्या बापाशीच्या तोंडातलो शब्द काढून घेतल्यान, आणि तेच्याच गळ्याक तेचो फास केल्यान…”

“व्हय म्हाराजा.”

आवाज आपोआप चढत होता. त्याला तो चढवावा लागत नव्हता. बापाच्या गाऱ्हाण्यात कुणाचं वाईट कधी मागितलेलं नव्हतं. दुसरे मानकरी मागत, शेजारच्या गावात तर नावं घेऊन मागत, पण सीताराम म्हणायचा, देवाला असली कामं सांगू नयेत, त्याला सवय लागते. गुणाजीला हे आठवलं, आणि आठवूनही त्यानं सांगितलं.

“तेची वाचा बसव रे देवा. तेच्या पुस्तकाक वाळवी लाव. तो सांगात ता कोणी ऐकूचा नाय, आणि तो रडात तेवा तेका कोणी इचारूचा नाय, असा कर रे म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा.”

चार कामगार, अक्षता, आणि सगळ्यांच्या वर सरांचा आवाज, भरून आलेला, शेवटचा ‘म्हाराजा’ थोडा जास्तच लांबवलेला. डोळे अजून मिटलेले. ते सूर ऐकत होते. तेव्हाही ते सूरच ऐकत होते. मोरखाजणला महिनोन्महिने राहून त्यांनी मालवणी कानात घेतली होती आणि पोटात घेतली नव्हती. डोळे उघडले तेव्हा ते ओले होते. अगदी तसंच, म्हणाले, अगदी तेच. अर्थ तेवढा नंतर लिहून द्या, परिशिष्टात टाकू.

झालं. घेतला सूड. गुणाजी बूथमध्ये एकटा उरला होता, बाकीचे काचेपलीकडे चहाला गेले होते. तो त्या क्षणाची चव घेऊ लागला. चवदार होता, खोटं कशाला बोला. ज्या फासानं बापूस गेला त्याच फासात ह्यानं स्वतःची मान घातली, आणि वर ‘व्हय’ म्हणाला. पुस्तक निघेल, कणकवलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत जो ऐकेल तो पोट धरून हसेल. माणसं फोनवर पाठवतील एकमेकांना. म्हाताऱ्याचं नाव काढलं की लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणतील आणि खो खो हसतील. इतक्या वर्षांत मनानं केलेला एकही सूड इतका नेटका नव्हता. तरी जिभेवर ते मीठ परत आलं होतं.

“दादा.” हेडफोनमध्ये अक्षता. तिनं बाहेरचा स्पीकर बंद केला असावा, आवाज कुजबुजता होता. “मला मालवणी येत नाय. पण शिव्याशाप कुठल्याही भाषेत कळतात.” मग तिनं विचारलं, “तुझा बाप होता ना तो? पुस्तकातला?”

गुणाजीनं मान हलवली.

“ठेवू की उडवू? तू बोलशील ते. मी कुणाला सांगायची नाय.”

काचेपलीकडे सर बिस्किटाचा पुडा फोडून कामगारांना देत होते. आवाज येत नव्हता, पण हलणारे ओठ वाचणं ही गुणाजीची रोजची भाकरी. गाँव में खेती है? आप लोगों से कोई पूछता है, क्या चाहिए? मघाचा तो कामगार बिस्कीट हातात धरून म्हणत होता, हाँ साहब. सर काहीतरी लांबलचक बोलले. हाँ साहब. परत बोलले. हाँ साहब. सरांच्या चेहऱ्यावर तेच तेज आलं, डोळे मिटून जेवणाऱ्या माणसाचं. त्यांना होकार ऐकू येत होता. त्यांना आयुष्यभर होकारच ऐकू येत आला होता, माणसं अशी तोंडासमोर उभी असताना. आणि ऋतिका नावाची कुणी मुलगी पुढच्या महिन्यात एका देवळापुढे असाच फोन धरून उभी राहील, आणि तिथला कुणी सीताराम पाहुणीचं मन मोडू नये म्हणून दोन शब्द जास्त घालील. गुणाजीनं टाकलेला शाप त्या देवळापर्यंत पोचणार नव्हता. मोरखाजणच्या देवळापर्यंतही नाही. तिथे लोक हसतील सरांना, आणि हसून झाल्यावर म्हणतील, पण होकार सीतारामानंच दिला होता, लेक पण म्हणतो बघा पुस्तकात.

म्हणजे सूड पुरा होऊनही बापूस तिथेच बसलेला राहणार होता, खाली, जिथे त्याला बसवलं होतं.

“ठेव,” गुणाजी म्हणाला. “उडवायचं नाही. आणि माझा माइक बाहेर चालू कर.”

अक्षतानं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि बटण दाबलं. बाहेरच्या स्पीकरमधून त्याचा श्वास आला तेव्हा सर्वांनी माना वळवल्या. सर हसत काचेजवळ आले, हातात चहाचा कप.

“सर,” गुणाजी म्हणाला, आणि त्याला स्वतःचा आवाज ओळखू येईना. त्यात थांबणं नव्हतं, खोली नव्हती, तो जोगेश्वरीच्या चाळीत बोलतात तसा सरळ निघाला. “मी मोरखाजणचा. तुमच्या पुस्तकातला धोंडिराम माझा बाप. सीताराम.”

सरांनी कप टेबलावर ठेवला. “सीतारामभाऊ,” त्यांचे ओठ काचेपलीकडे म्हणाले. “कसे आहेत ते?”

“गेले.”

खाली कुणीतरी प्रेस चालू केला आणि लगेच बंद केला, सुट्टी संपली नव्हती. सरांनी काचेवर हात टेकला होता. कामगार कपातल्या कपात बघत होते. मघाशी आपण कशाला ‘व्हय’ म्हटलं ते एवढ्यात त्यांना कळणार नव्हतं, पण काहीतरी चुकीचं म्हटलं हे त्यांना कळून चुकलं होतं.

“मघाशी गाऱ्हाण्यात मी तुमचं वाटोळं मागितलं,” गुणाजी म्हणाला. “शब्द न् शब्द. आणि सगळ्यांत मोठ्यानं होय तुम्ही म्हणालात. ते तुमच्या पुस्तकात जाईल. जाऊ नये असं वाटत असेल तर सांगा, मी तुम्हाला तोंडावर नाही म्हणेन, तेवढं तरी तुम्हाला ऐकू येईल.”

सरांनी काचेवरचा हात काढून घेतला. म्हातारा एकदम म्हातारा दिसू लागला, आणि गुणाजीच्या छातीत जे पंजाखाली धडधडत होतं ते अजून धडधडत होतं. दया आली नाही त्याला. ती येईल अशी वाट त्यानं पाहिली, आली नाही. मग त्यानं ठरवलं की तिच्याशिवायही चालेल. बापानं दया मागितलीच नव्हती.

“बाबांचा एक निरोप आहे,” तो म्हणाला. “तुमच्यासाठी. मरायच्या आधी दिलेला. मी दिला नाही तुम्हाला, मला तुम्ही वेगळ्या कामासाठी हवे होतात.”

“सांगा,” सर म्हणाले. काचेतून आवाज आला नाही, पण तेवढं त्याला वाचता आलं.

“गावात या. मे महिन्यात, गाऱ्हाण्याच्या दिवशी, सगळे जमतात तेव्हा. तुमची ती ऋतिका तिच्या खाडीवर जायच्या आधी तिलाही घेऊन या. देवळापुढे उभे राहा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा: सीतारामनं होकार दिला नव्हता, तो मी घेतला.”